प्रमाणपत्र जानेवारीत, टंचाई मे महिन्यात

स्प्रिंकलर म्हटले की रत्नागिरीच्या बागायतदाराच्या डोळ्यांसमोर तुषार सिंचन उभे राहते. छताला लटकणाऱ्या लहानशा पितळी तोटीकडे आपण सहसा मान वर करून पाहत नाही. चिरेबंदी कौलारू घरांच्या जागी शहरात बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत ही तोटीही आली. तिच्याविषयी काही लिहिणे अगत्याचे वाटते.

तिची रचना साधी आहे. तोंडाशी द्रव भरलेली काचेची एक छोटी कुपी असते. छतालगतच्या हवेची उष्णता सर्वसाधारणपणे ६८ अंश सेल्सिअसपर्यंत चढली की ती फुटते आणि पाणी सुटते. चित्रपटात दाखवितात तशा सर्व तोट्या एकाच वेळी उघडत नाहीत. आगीच्या वरच्याच तेवढ्या उघडतात. माणूस जागा असो वा झोपलेला, तोटी आपले काम करते. पण नळात दाबाने पाणी असेल तरच.

कायद्याची वाण आपल्याकडे नाही. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा डिसेंबर २००८पासून अमलात आहे. आगीपासून बचावाची यंत्रणा बसविण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. इमारतीचा ताबा घेतल्यावर सोसायटीला बिल्डरकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. स्प्रिंकलर कोठे सक्तीचे, हे इमारतीची उंची, क्षेत्रफळ आणि वापर यांवरून ठरते. अंगण असलेल्या आपल्या बैठ्या घराला ती सक्ती नाही. (अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०११पासून नव्या स्वतंत्र घरांनाही ती लागू केली, आपल्याकडे तसा आग्रह धरणे आज तरी अवास्तव ठरेल.)

मग अडते कोठे? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयात ११ जण गेले. तेथे तपासणी झाली होती. तिच्यात सुचविलेली कामे मात्र पूर्ण झालेली नव्हती. ज्यांना अंथरुणावरून उठून जिना गाठता येत नाही, त्यांच्यासाठी छतातील ही तोटी किती मोलाची, हे निराळे सांगावयास नको.

काही काळापूर्वी एका कुटुंबाच्या नव्या सदनिकेला आशीर्वाद देण्यासाठी शहरातील एका इमारतीत गेलो होतो. लाल नळ होते, तोट्या होत्या, भिंतीवर प्रमाणपत्रही चौकटीत लावलेले होते. परतताना सहज विचारले, तेव्हा वॉचमनने निःसंकोचपणे सांगितले, “फादर, त्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात वापरायला काढतो आम्ही. टँकर परवडत नाही.” मी त्याला काय बोलणार? तोही सांगितलेले काम करीत होता.

आपल्या कोकणातील खरी गोम येथे आहे. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळणारे पाणी लाल मातीतून व कातळावरून समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मेमध्ये शीळ धरणाची पातळी हा शहरात रोजच्या चर्चेचा विषय होतो. घरी प्यायला पाणी नसताना आगीसाठी राखलेल्या टाकीकडे हात जाणारच. म्हणून ज्या इमारतीला स्प्रिंकलरची सक्ती आहे, तिला बांधकाम परवानगी देतानाच विहीर किंवा छतावरील पावसाच्या पाण्याची साठवण यांचाही तितक्याच काटेकोरपणे विचार व्हावयास हवा. आगीच्या राखीव साठ्यातून घरगुती नळाला पाणी जाऊच शकणार नाही, अशी जोडणी करणे फारसे खर्चिक नाही. ती बांधतानाच करावी लागते, इतकेच.

प्रमाणपत्राचे दोन्ही महिने टंचाईच्या बाहेर पडतात. जानेवारीत विहिरींना पाणी असते, जुलैत तर सर्वत्र पाणीच पाणी. मधल्या मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असतात आणि वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. शाळा, वसतिगृह, रुग्णालय वा सोसायटी चालविणाऱ्यांनी त्याच महिन्यात सर्वांत वरच्या मजल्यावरील तपासणीचा व्हॉल्व्ह एकदा उघडून पाहावा. काम दहा मिनिटांचे आहे. त्यासाठी कोणाच्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.