मदतनीस म्हणजे आईच का?

कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर शाळेच्या ओट्यावर मला एक बाई बसलेली दिसली. तिच्या मुलीला चालता येत नाही. तिला लघवीला न्यायला कोणी नाही, म्हणून आईनं शाळा सुटेपर्यंत थांबायचं. खुरपणीचा रोज बुडाला तो बुडालाच. “आईच ती, तिनं नाही करायचं तर कोणी?” गुरुजी मला म्हणाले.

याला ममता म्हणून गौरवू नका. ही वेठबिगारी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा मुलीला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्राथमिक वर्गांत 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, हा निकष 2022 मध्ये ठरला. पण शिक्षक शिकवतील. पोरीला उचलणार कोण? समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींसाठी भत्ता आहे, महिना 200 रुपये, तोही 10 महिने. त्यात आईचे किती रोज भरून निघतात?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. त्या नुसत्या सह्यांपुरत्या राहू नयेत. पगारी मदतनिसाचा ठराव त्यांनीच मांडावा. मुलीचा हक्क आईच्या मजुरीतून वळता करून घेणं आपल्याला मान्य नाही.