परसातलं प्लास्टिकचं गवत

इथं बरेच जण जुन्या शहापूरच्या आठवणी लिहितात. सांगली संस्थानचा काळ, मागांचा खडखडाट, गल्लीतले सण. मी आज आठवण थोडी आणि मत जास्त लिहिणार आहे. विषय ऐकून हसाल, पण सांगतो. आमच्या परसात केलेलं गोल्फचं मैदान!

मुलगा डेन्व्हरला असतो. त्याच्या घरामागं प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा आहे, त्यात सव्वाचार इंचाचं भोक. काठीनं चेंडू हळूच ढकलत त्यात घालवायचा, एवढाच खेळ. दोन वर्षांमागं सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "बाबा, आपलं परसू रिकामंच पडलंय की. इथं पण करूया. नातवंडं आली की खेळतील, तुमचंही चालणं होईल."

रिकामं म्हणजे काय, तर आड, नारळ, अबोलीचा ताटवा आणि आईच्या वेळचा धुण्याचा दगड. पण पोराचं मन मोडवेना. ठेकेदार बघितला. त्यानं २० बाय १५ फूट जागा साफ केली, खाली काँक्रीट ओतलं, वर गवत चिकटवलं. चार दिवसांत काम फत्ते. मार्च महिना होता. फोटो अमेरिकेला गेले, सगळे खूश.

एप्रिलात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येईना. खरं गवत ओल सोडतं म्हणून गार राहतं, प्लास्टिक नुसतं तापतं. तेही चालवून घेतलं. मग मिरग लागला. जुलैच्या झडीत गवतावर पाणी साचलं, कडेला शेवाळ धरलं, कुबट वास सुटला. आणि एक दिवस शेजारच्या काकू दारात उभ्या. "तुझं गवत हिरवंगार आणि माझी स्वयंपाकघराची भिंत ओलीगच्च. हे कुठलं शास्त्र गा?"

मंडळी, त्या प्रश्नानं मान खाली गेली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं तेव्हा गल्ली आमच्या आडावर यायची, त्यात काकूंची घागर पहिली. ज्या परसानं त्यांना पाणी दिलं, तेच आता त्यांच्या भिंतीत पाणी घालत होतं.

मग हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची जागा सुमारे २८ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, तर २८०० लिटर. हजार लिटरच्या जवळजवळ तीन टाक्या! पूर्वी हे पाणी मातीत मुरून आडाला मिळायचं. काँक्रीटनं त्याची वाट बंद केली, मग ते मिळेल तिकडं गेलं.

डेन्व्हर आपल्याहून दुप्पट उंचीवर, सुमारे १६०० मीटर. पण तिथं पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ४०० मिलिमीटरही होत नाही. बागेला पाणी घालणंच महाग, म्हणून तिथं प्लास्टिकचं गवत शहाणपणाचं ठरतं. तिथली अडचण वेगळी. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून जमीन उचलते, म्हणून खाली खडीचा जाड थर घालतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणजे खडीची गरज इथंही तेवढीच. आम्ही तिथलं गवत तेवढं उचललं, त्याच्या खालची अक्कल तिथंच राहिली.

दिवाळीनंतर सगळं उखडलं. आता निम्म्याच जागेत केलंय. सहा-सात इंच खोदाई, त्यावर पाणी झिरपणारं कापड, मग चार इंच खडी, वर बारीक कच, थराथरानं धुमसून. दहा फुटाला सव्वा इंच उतार, तोही भिंतीकडून आडाच्या बाजूला. आणि गवत पाणी खाली सोडणारं, भोकाभोकांचं. आडाभोवतीची आणि भिंतीलगतची माती मोकळीच ठेवली. तिथं अबोली परत लावली.

मी प्लास्टिकच्या गवताच्या विरोधात नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी त्यावरच खेळतात. आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांनी १९६४ ला टोकियोत सुवर्णपदक मिळवलं ते खऱ्या गवतावर, पण आजच्या पोरांना टर्फ हवंच. शेकडो पोरं जिथं खेळतात तिथं ते जरूर घाला. घरच्या परसाची गोष्ट वेगळी. हे गाव विहिरींवर जगलंय. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आपण अभिमानानं दाखवतो, आणि घरच्या आडाभोवती मात्र फरशी आणि काँक्रीट ओततो. गवत निमित्त झालं, पार्किंगसाठी आपण सगळे तेच करतोय.

यंदाच्या पावसात काकूंची भिंत कोरडी राहिली. त्या आल्या, काठी हातात घेतली, चेंडू भलतीकडं घालवला आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षा भेंडी लावली असतीस तर भाजी तरी झाली असती."

त्यांचंही खरंच. तरीही कुणाला करायचंच असेल तर जरूर करा. फक्त रंग आणि दर विचारायच्या आधी ठेकेदाराला एकच विचारा : पावसाचं पाणी जाणार कुठं? उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.