गृहिणीचा गुडघा आणि गृहस्थाचें काम

नांदेडहून एका सेवानिवृत्त शिक्षकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या पत्नीचे दोन्ही गुडघे झिजले असून डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आतां लातुरास, थोरल्या मुलाच्या गांवीं, व्हावयाची ठरली आहे. ते विचारतात, ‘पैशाची सोय झाली, डॉक्टर ठरले, घरांत सुना आहेत, मग मीं करावयाचें असें काय उरतें?’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर थोड्या विस्तारानें देत आहों.

पहिलें काम, ठरलेली तारीख टळूं न देणें. मराठवाड्यांतील घरांत गृहिणीच्या गुडघ्याला पंचांग आडवें येतें. आधीं महालक्ष्म्या होऊं द्या, मग दिवाळी, मग लेकीचें बाळंतपण, असें म्हणतां म्हणतां वर्षें लोटतात. सोवळ्यांतला स्वयंपाक, पुरणपोळ्या आणि सोळा भाज्या जिच्या हातून व्हावयाच्या, ती ‘मी आतां दवाखान्यांत जातें’ असें आपणहून म्हणावयाची नाहीं. तें यजमानांनींच म्हटलें पाहिजे, आणि सर्वांदेखत म्हटलें पाहिजे. व्यायाम, वजन उतरविणें व औषधें यांनीं भागत असेल तोंवर शस्त्रक्रियेची घाई नको हें खरें. पण पाय पार वांकडा व ताठ होईपर्यंत थांबणें हाहि शहाणपणा नव्हे.

भीतीचें म्हणाल तर ही विद्या कांहीं कालची नाहीं. १९७४ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत या मंडळींनीं जो कृत्रिम सांधा वापरांत आणला, त्याच्याच वंशांतले आजचे बहुतेक सांधे होत. यांपैकीं राणावत हे इंदुरास शिकलेले. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असतांना ऑक्टोबर २००० मध्यें त्यांचा डावा व जून २००१ मध्यें उजवा गुडघा याच राणावतांनीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत बदलला. (वाजपेयी अविवाहित होते, पण हात द्यावयास त्यांना माणसांची वाण नव्हती!) खर्चाविषयीं एवढेंच कीं, ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारनें सांध्यांच्या किंमतीस मर्यादा घातली, नेहमींच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास ती त्या वेळीं कर वगळून ५४,७२० रुपये होती. बिलांत सांध्याची किंमत निराळी दाखवावयास सांगावी. त्यांत संकोच कसला?

आतां खरी गोष्ट. शस्त्रक्रिया तास-दीड तासाची. बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं वॉकर देऊन रुग्णास उभें करतात, आणि थोड्याच दिवसांत घरीं पाठवितात. डॉक्टरांचें काम येथें बव्हंशीं संपतें. घरच्यांचें सुरू होतें. पुढचे सहा आठवडे सांधा वांकविण्याचा व सरळ करण्याचा व्यायाम दिवसांतून अनेक वेळां करावा लागतो, आणि तो दुखतो. चांगलाच दुखतो. या वेळीं बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहून ‘राहूं दे, उद्यां करूं’ असें म्हणणारा नवरा प्रेमळ असेल, पण तो तिचें नुकसान करतो. कोंवळ्या दिवसांत न वांकलेला गुडघा पुढें वांकविणें फार कठीण. तेव्हां दुखणें थांबविण्याची गोळी व्यायामापूर्वीं अर्धा-पाऊण तास द्यावी, जवळ बसावें, मोजावें, आणि ओरडूं नये. शिक्षकांस हें शेवटचें विशेष सांगावेंसें वाटतें!

रात्रीचें काम तर यजमानांनींच अंगावर घ्यावें. दोन वाजतां मोरीपर्यंत जावयाचें असतां सून हांकेच्या अंतरावर असली तरी तिला उठविण्याचा सासूला संकोच वाटतो. मग ती एकटीच उठते आणि पडते. कमोडची खुर्ची, पलंगाशीं दिवा, वाटेंतल्या सतरंज्या उचललेल्या, हें सारें ती घरीं येण्यापूर्वींच तयार असावें. गुडघ्याखालीं उशी ठेवण्याचा मोह घरोघर होतो. ती ठेवूं नये, पाय सरळ व्हावयाचा राहून जातो. बर्फ कापडांत गुंडाळूनच लावावा. गांवाकडून आलेली आत्याबाई तेलाची वाटी घेऊन बसेल; तिला चहा द्यावा, पण पोटरी चोळूं देऊं नये. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं. हें नातवंडांसहि पाठ करून द्यावें, तीं आनंदानें पहारा करतात.

ताप, जखमेंतून पाणी, वाढती लाली, पोटरीची सूज व कळ, यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. एकाएकीं धाप लागली किंवा छातींत दुखलें तर क्षणहि दवडूं नये. रक्त पातळ ठेवण्याचें औषध दिलें असेल तर तें सांगितले तितके दिवस चुकवूं नये. मधुमेह असेल तर साखर आधींपासून ताब्यांत हवी.

एक गोष्ट मात्र पत्रलेखकांनीं विचारलेली नाहीं, ती आम्हीच काढतों. बरी होत असलेली बाई स्वयंपाकघराच्या दारांत वॉकर घेऊन उभी राहते आणि आपल्यावांचून फोडणी पडत आहे हें पाहते. सुनांस सूचना देण्याचा तिचा हक्क त्या दिवसांत कोणी काढून घेऊं नये. ओट्याशीं एक उंच स्टूल ठेवावें. निवडणें, टिपण देणें तिच्याकडेच असावें. मांडी घालून पाटावर बसणें आतां बहुधा व्हावयाचें नाहीं, उकिडवें बसणें तर नकोच; तेव्हां देवघरापुढेंहि खुर्ची मांडावी. खुर्चीवरून वाहिलेलें फूल देवास पोंचतेंच. हें तिला पटत नसेल तर पहिले आठ दिवस यजमानांनीं स्वतः खुर्चीवर बसून पूजा करावी.

दुसऱ्या गुडघ्याचा विचार पहिल्याची सूज उतरून चाल सुधारल्यावर करावा. तारीख मात्र महालक्ष्म्यांच्या तोंडावर धरूं नये. पुढें तीन महिने तरी मोकळे हवेत, आणि त्या वर्षीं पुरण कोण वाटणार हें आतांच ठरवून ठेवावें.