खरकट्यातलं तेल

लग्नसराईत बीडमधल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. पंगत उठली की भात, वरण, बुंदी, पत्रावळ्या आणि पाण्याचे प्लास्टिक ग्लास एकाच पिंपात पडतात. उरलंसुरलं गुरांना घालायची आपली जुनी रीत. पण प्लास्टिक मिसळलेलं खरकटं गुरापुढे कोण टाकणार? मग ते गावाबाहेर कुजतं.

या पिंपात साखर आहे, आणि साखरेवर तेल देणारं सूक्ष्म शैवाल वाढतं. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उरलेल्या अन्नावर दोन बुरश्या सोडल्या. त्यातली एक जपानात सोया सॉससाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. १०० ग्रॅम कोरड्या वजनाच्या अन्नातून २४ तासांत जवळजवळ ३२ ग्रॅम ग्लुकोज सुटलं. त्या साखरपाण्यावर क्लोरेला हे शैवाल वाढलं, आणि शैवालासारखाच समुद्री जीव शायझोकायट्रियमही. वरणातलं मीठ या खाऱ्या पाण्यातल्या जीवाला बाधत नाही.

दोघांनाही ऊन लागत नाही, बंद टाकीत हवा आणि साखर मिळाली की पुरे. आपल्यासाठी मला हेच मोलाचं वाटतं. शैवाल म्हटलं की उघडी तळी डोळ्यांपुढे येतात, पण आपल्या उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी बघता बघता उडून जाईल. २०१५ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, त्या जिल्ह्यात उघड्या तळ्यांची स्वप्नं कुणी दाखवू नयेत.

डिझेलचीही दाखवू नयेत. अमेरिकेच्या सरकारने १९७८ ते १९९६ शैवालापासून इंधन करण्याचा खटाटोप केला. खनिज तेलापुढे त्याचा खर्च काही परवडला नाही. शायझोकायट्रियमच्या तेलात मात्र डीएचए असतं. मेंदू आणि डोळ्यांचा पडदा यांना लागणारं हे ओमेगा-३ मेद आपण माशाच्या नावाने ओळखतो, पण माशात ते येतं मुळात शैवालातूनच. आपल्याकडे घरोघरी माळकरी, मासळीला शिवणार नाहीत. जवसाची चटणी रोज खाल्ली तरी तिच्यातल्या ओमेगा-३ चा फार थोडा भाग शरीरात डीएचए होतो. माळकऱ्याच्या घरातल्या गरोदर लेकीसुनेला हे तेल बिनदिक्कत घेता येईल.

अर्थात उष्ट्या ताटातल्या अन्नाचं तेल तिला द्यावं, असं मी म्हणणार नाही. ते कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्याला ठीक. माणसासाठी साखर स्वच्छच हवी, आणि ती आपल्या साखर कारखान्यांच्या मोलॅसिसमध्ये आहे. आसवनी चालवणाऱ्यांना टाकीत जीव वाढवणं नवं नाही. इथे काम अधिक नाजूक आहे, कारण परका जंतू शिरला की अख्खी टाकी वाया जाते, शिवाय हवा सतत खेळती ठेवायला वीज लागते. हा खर्च धरूनच हिशेब मांडायला हवा.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं (आयसीटी) संकुल जालन्यात आहे, कृषी विद्यापीठ परभणीत आहे. या दोघांनी आपल्याकडच्या एखाद्या आसवनीत एक लहान टाकी लावावी, आणि निघालेल्या तेलाचा लिटरमागे खर्च जाहीर करावा. नगरपालिकेला तर तेवढंही थांबायचं कारण नाही. कढईत उरलेलं, ताटातलं आणि प्लास्टिक अशी तीन वेगळी पिंपं ठेवण्याची अट मंगल कार्यालयांना येत्या तुळशीच्या लग्नाआधी घालता येईल.