थिजलेलं तेल

डिसेंबर उजाडला की आमचा तालुका पेपरात येतो. एरवी निफाडची आठवण कुणाला होते ती लासलगावला कांद्याचा भाव पडला किंवा चढला तरच. थंडीत मात्र ‘निफाडचा पारा घसरला’ हा मथळा ठरलेला. हा पारा मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. तो ६-७ अंशांवर आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, “काय म्हणतेय थंडी?” आता तिचं म्हणणं ज्याच्या-त्याच्या पिकावर. गव्हाला ती मानवते. गहू करणारा शेतकरी खुशीत असतो, आणि त्याच्याच बांधाला लागून असलेला द्राक्षवाला पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवत फिरत असतो. ठिबकही तेव्हाच सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. मण्यांत पाणी उतरायला लागलं असताना कडाका पडला तर मणी तडकतात, आणि मग वर्षभराच्या औषधांचा खर्च डोळ्यांदेखत जातो.

आमची जिल्हा परिषदेची शाळा या दोन पिकांच्या मध्ये आहे. दोन शिक्षकी. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत येतो तेव्हा माझ्या वर्गाचा पट बदललेला असतो. गोडी छाटणी झालेली असते, पुढे फेलफूट, डिपिंग, विरळणी अशी बागेतली कामं एकामागोमाग निघतात, आणि त्यासाठी पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. मळ्यातल्या एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहतात. त्यांची मुलं माझ्याकडे येतात, कधी आईबरोबर, कधी मुकादम आणून सोडतो, कधी आपली आपणच येऊन दारात उभी राहतात. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की मूल वर्षात कधीही आलं तरी घ्यायचं, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, आधीच्या शाळेच्या दाखल्यासाठी अडवायचं नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. ते मुलाबरोबर यावं अशी अपेक्षा असते. बऱ्याचदा मूल येतं आणि कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत राहतं. माझं काही अडत नाही. मुलाचं नाव, आईचं नाव आणि बुटाचं माप एवढं मी पहिल्या दिवशी विचारते. बूट बहुधा नसतातच, पण माप विचारलं की मूल पाय पुढे करतं आणि मला भेगा दिसतात.

थंडीत पहिलीला लिहायला लावणं हा अत्याचार आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. बोटं आखडलेली असतात. पेन्सिल धरली तरी ‘अ’चा काना पुढच्या चौकटीत जातो आणि मूल खोडरबराने कागद फाडतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत, असं सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत सांगितलं. ते सांगायला २०२४ का उजाडावं लागलं, हे मला विचारू नका. आमची शाळा तशीही साडेदहाची, तरी वर्गातली फरशी तेव्हासुद्धा गारढोण असते. म्हणून आम्ही पूर्वेच्या व्हरांड्यात बसतो आणि ऊन सरकेल तसे सरकतो. पहिला तास गाणी, गोष्टी आणि मोजणी. मोजायला ठिबकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे आहेत, एका पालकाने पोतंभर कापून दिलेले. दहा तुकडे सुतळीत ओवले की दशक, सुटा राहिला तो एकक. बाजारात यासाठी रंगीत मणी मिळतात. पण हे काळे तुकडे मुलांच्या ओळखीचे असतात आणि हरवले तर कुणी रडत नाही.

त्यानंतर तेल.

वर्गाच्या कपाटात खोबरेल तेलाची बाटली असते. ओठ फुटलेले, गाल उललेले, हातांवर पांढऱ्या रेघा ओढता येतील इतके कोरडे, अशी निम्मी मुलं असतात. डिसेंबरातल्या एका सकाळी मी बाटली उलटी धरली आणि तेल जागचं हललं नाही. वर्गात एकदम शांतता. मग एकेकाची मतं. एक म्हणाला, झोपलंय. दुसरी म्हणाली, साबण झालंय. दुसरीतल्या एका हुशार मुलाने तेल खराब झाल्याचा निकाल दिला आणि ते फेकून द्यायला सांगितलं. मी फेकलं नाही. “परत पातळ कसं करायचं?” एवढंच विचारलं. उन्हात ठेवू, चुलीवर ठेवू, खिचडीच्या पातेल्याजवळ ठेवू, असे बरेच उपाय आले. तेव्हा मी तीन छोट्या बाटल्या केल्या. एक उन्हात, एक कपाटात, आणि तिसरी मागितली पहिलीतल्या एका बारक्याने. त्याने ती सरळ स्वेटरखाली पोटाशी धरली आणि हाताची घडी घालून बसला.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. हे मी मुलांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते पाठ केलं असतं आणि बाटलीकडे बघणं सोडून दिलं असतं. ती दर थोड्या वेळाने उठून बघत राहिली. तेल आधी कडेकडेने सुटतं, काचेला चिकटलेला पांढरेपणा पारदर्शक होतो. मग मधला गोळा मोकळा होतो आणि तळाशी जाऊन बसतो. “बर्फ तर वर राहतो,” असं एक मुलगी म्हणाली. तिच्या घरी फ्रीज आहे. मला त्या क्षणी तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पाण्याचा बर्फ तरंगतो आणि तेलाचा गोळा बुडतो, हे सात वर्षांच्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं होतं. का, ते पुढे सहावी-सातवीत कळेल. पोटाशी धरलेली बाटली उन्हातल्या बाटलीच्या आधी सुटली आणि बारक्याला दिवसभर कुणी धक्का दिला नाही, एवढा त्याचा मान वाढला.

तेल लावायचा आमच्या वर्गात एक नियम आहे. स्वतःला लावायचं नाही, शेजारच्याला लावायचं. हा नियम काही दयाबुद्धीने केलेला नाही. ज्याच्या-त्याच्या हातात बाटली दिली तर ती दोन दिवसांत संपते आणि निम्मं तेल केसांत जातं. दुसऱ्याला लावताना मुलं आपोआप हात आखडता घेतात. पण नियम लावल्यावर वेगळंच काही घडायला लागलं. दुसऱ्याचा हात हातात घेतला की तो बघावा लागतो. “हे काय झालं?” “इथं दुखतं का?” असे प्रश्न येतात. जोरात चोळलं तर समोरचा हात ओढून घेतो, म्हणून हळू चोळावं लागतं. कुणाच्या हाताला कुठे चीर आहे हे आता मला मुलांकडून कळतं.

सुरगाण्याकडची एक मुलगी त्या वर्षी आमच्याकडे होती, वयाने दुसरीची. तिच्या शेजारी बसायचा एका बागायतदाराचा मुलगा. तिचे आई-वडील त्याच्याच बागेत कामाला. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नसत. तो तिच्या हाताला तेल लावताना एकदा थांबला, तळवा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, “तुझे हात माझ्या आजीसारखेत.” मी कान टवकारले. ती मुलगी हसली. मग तिने त्याचा हात घेतला, बघितला आणि आपल्या कोकणा बोलीत काहीतरी म्हणाली. ते त्याला कळलं नाही, मलाही नाही. पण वर्गातली तिच्या गावाकडची दोन मुलं खो खो हसली. त्यांनी अर्थ सांगितला नाही. त्या दिवसापासून तो रोज त्यांच्या मागे लागायचा आणि त्या नादात कोकणा बोलीतले बरेच शब्द शिकला.

आता स्वेटरचं सांगते. गावोगावच्या शाळांत थंडीत स्वेटरवाटप होतं, तसं आमच्याकडेही झालं. देणारी माणसं मनाने चांगली होती, गाडी भाड्याने करून लांबून आलेली. पण आल्या-आल्या त्यांनी विचारलं, “यातली गरीब मुलं कुठली?” मग वेगळी रांग, मागे फलक, प्रत्येक मुलाच्या छातीशी घडी घातलेला स्वेटर आणि फोटो. रांगेत कुणी उभं राहायचं हे मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी सांगितलं, सगळ्यांना द्या नाहीतर ऑफिसात ठेवून जा. तोवर मुकादमाच्या ओळखीने चार-पाच मुलं पुढे ढकलली गेलीही होती. स्वेटर सगळे लालभडक, एकाच रंगाचे. कुठलं मूल वाटपाचं, हे आता गावाच्या वेशीवरून ओळखू यावं असे.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी आणि ती मुलं उघडीच. स्वेटर आईने पेटीत ठेवले होते, गावी जाताना घालायला. नवा कपडा कामाच्या दिवसांत कोण मळवतो! दोन-तीन दिवसांनी एकाने घातला. मधल्या सुट्टीत मी पाहते तो लाल स्वेटर बागायतदाराच्या पोराच्या अंगात आणि त्याचा निळा, चेन असलेला, त्या दुसऱ्याच्या अंगात. “लाल मला पाहिजे होता, मॅडम, आमच्या घरी लाल नाही,” असं त्याने मला खडसावून सांगितलं. पुढे अदलाबदलीचं पेवच फुटलं. उंच मुलं आखूड स्वेटरात, बारकी मुलं गुडघ्यापर्यंतच्या स्वेटरात, आणि लाल रंग सगळ्या वर्गात विखुरला. एक आई तणतणत आली. तिच्या मुलाचा चांगला स्वेटर रात्रभर कुणाच्या तरी खोलीवर राहून धुराचा वास घेऊन परत आला होता. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शाळा सुटायच्या आधी ज्याचा त्याला परत, असा ठराव आम्ही केला आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला.

या मुलांना कुणी दयेचा पाठ दिलेला नव्हता. परिपाठात आम्ही मूल्यांची नावं घेतो, २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती करतो. ‘श्यामची आई’ गुरुजींनी लिहिली ती आमच्या नाशिकच्याच तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत, हे मी दरवर्षी अभिमानाने सांगते आणि मुलं जांभया देतात. गोष्ट सांगितली की ऐकतात, हे खरं. पण घेणाऱ्याला अवघडू न देता कसं द्यायचं, ते मी गोष्टीतून शिकवू शकले असते असं मला वाटत नाही. मोठ्यांना देताना आपण देतोय हे दिसावं लागतं. या पोरांना लाल रंग पाहिजे असतो.

सुरगाण्याकडच्या त्या मुलीच्या वाचनाचं सांगायचं राहिलं. ती यायची ती कडेवर तीन वर्षांचा भाऊ घेऊन. आई बागेत, मग भाऊ कुणाकडे ठेवणार? भाऊ नको म्हटलं की बहीणही घरी राहते, हा हिशेब ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी मांडला होता. १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू करून त्या पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. माझ्याकडे पाळणाघर नाही, एक सतरंजी आहे. भाऊ त्यावर बसायचा, तुकडे ओवायचा, झोपायचा.

तिला अक्षरं बऱ्यापैकी ओळखता येत होती, पण वर्गासमोर तोंड उघडत नसे. मी आग्रह केला नाही. चित्रांची चार-सहा पानी पुस्तकं सतरंजीजवळ ठेवली. ती भावाला मांडीवर घेऊन चित्रं दाखवू लागली, आधी आपल्या बोलीत. मग एके दिवशी बोट शब्दाखाली गेलं. भाऊ काही चूक काढणारा नव्हता. अडलं की ती मागे जायची, शब्द फोडायची, पुन्हा जोडायची. अडखळणाऱ्या मुलाला माझ्यापेक्षा, सरांपेक्षा, साहेबांपेक्षा बरा श्रोता म्हणजे त्याच्याहून लहान मूल. आता दुसरीतली कच्ची मुलं पहिलीतल्यांना वाचून दाखवतात, हा आमचा रोजचा तास आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांना तो गोंगाट वाटला. होताच तो गोंगाट.

फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं, काढणीची घाई सुरू होते, तेल आपोआप पातळ राहतं. ती मुलगी काढणी आटोपल्यावर गेली. तिच्या हमी कार्डावर मी ‘सोपी वाक्यं वाचते’ असं लिहिलं आणि कार्ड आईच्या हातात न देता तिच्याच दप्तरात घातलं.

यंदाही काही मंडळींचे फोन आलेत. स्वेटर द्यायचे असतील तर जरूर द्या, पण जानेवारीत नको. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच द्या, टोळ्या तेव्हाच येतात. रंग वेगवेगळे आणा. मापं दोन नंबर मोठी चालतील, बाह्या दुमडता येतात. टोचणारी लोकर नको, मुलं काढून टाकतात. मोजे आणि कानटोप्या कुणी आणत नाही, त्या आणा. खोबरेल तेलही चालेल. पोतं ऑफिसात ठेवा, वाटायचं काम मुलं करतील.