यादीत नाव असेल तर

२६ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी युक्रेनच्या युद्धातून सुटलेल्या २१९ जणांना घेऊन बुखारेस्टहून पहिले विमान मुंबईत उतरले. त्या फेब्रुवारी-मार्चात युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले, त्यांत विदर्भातली मुलेही होती. ही कामगिरी मोठीच. पण त्याच आठवड्यात राज्यभरची जिल्हाधिकारी कार्यालये पालकांना विनवीत होती की, तुमचे कोणी तिकडे असेल तर नाव-पत्ता कळवा. जिल्ह्यातून कोण कुठे गेले, हे जिल्ह्याच्याच दप्तरी नव्हते. माणूस अडकल्यावर त्याची यादी करायची, ही आपली जुनी खोड आहे.

किती जुनी? २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले आणि ब्रह्मदेशातले लाखो भारतीय चालत मायदेशी निघाले. निदान दहा हजार वाटेत मेले. काही अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते होते विदर्भाच्याच माणसाकडे, वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांकडे. खाते होते, पण वाटा ठरवणारे दुसरेच होते. बऱ्या वाटेवर गोऱ्यांना प्राधान्य मिळते आणि भारतीयांना अवघड रानावनातून चालावे लागते, या तक्रारीने तेव्हा देशभर संताप उसळला. आसामच्या बाजूला छावण्या चालवण्याचा मोठा भार चहामळेवाल्यांच्या संघटनेने उचलला. सरकारचा हात पोचला तो उशिरा, आणि पोचला तेव्हाही माणसाचा रंग पाहून.

स्वतंत्र भारताने यात खरी सुधारणा केली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले गेले. अम्मानहून एअर इंडियाची विमाने दोन महिने ये-जा करत होती. २०१५ मध्ये येमेनमधून नौदलाने आपल्यांबरोबर परक्यांनाही बाहेर काढले. आणायचे कसे, हे आपल्याला उत्तम जमते. कोणाला आणायचे, हा प्रश्न मात्र दर वेळी कोऱ्या कागदापासून सुरू होतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याची नजर आहे ती मुख्यतः दहावी न झालेल्या, ठरावीक देशांत मजुरीला जाणाऱ्यांवर. शिकायला गेलेला मुलगा त्यात बसत नाही. दूतावासात नाव नोंदवणे ही त्याची मर्जी.

आणि हा मुलगा युक्रेनला गेलाच का? २०२२ मध्ये भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. इथली सरकारी जागा हुकली आणि खासगी शुल्क झेपेना, तर धानाच्या पट्ट्यातल्या बापाला खारकीव्ह स्वस्त वाटे. भंडाऱ्याच्या महाविद्यालयाचे उद्घाटन झाले ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांसोबत. शंभर जागा. युद्धाआधी हे झाले असते तर काही घरांची झोप तरी उडाली नसती.

पण परदेश म्हणजे केवळ व्हिसा लागतो तो मुलूख, असे मानायला मी तयार नाही. पूर्व विदर्भातले मजूर धान निघाले की मिरची तोडायला तेलंगणात जातात. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, मध्यरात्री लागू झाली, आणि मिरचीच्या रानातली माणसे तिथेच अडकली. अनेक जण जंगलवाटांनी चालत निघाले. इकडे मुंबई-कोलकाता महामार्गावर नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारे मजूर भंडारा, साकोली ओलांडत होते. ७ मे रोजी परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने आखातातून केरळात उतरली, ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. विमानातल्यांनी भाडे स्वतःच भरले होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण त्यांच्यापाशी पासपोर्ट होता, म्हणून सरकारला त्यांची यादी करता आली. रुळांवरच्यांचे नाव कुठल्या यादीत होते?

खरे तर असायला हवे होते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजूर नेणाऱ्या ठेकेदारावर परवाना घेण्याची आणि मजुरांचा तपशील सरकारला कळवण्याची सक्ती केली होती. चार दशके तो कागदावर राहिला, कारण मुकादम तोंडी बोलणी करतो आणि गाडी रात्री सुटते.

भंडारा जिल्हा परिषदेला अशा यादीसाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही आहेच. तिच्याशेजारी गाव सोडून जाणाऱ्यांची एक ठेवावी. नाव, कुठे, कोणाबरोबर, घरचा फोन. डॉक्टर व्हायला गेलेली मुलगी आणि मिरचीला गेलेला मजूर एकाच वहीत. ती लोकांच्या मर्जीने भरली जावी आणि पोलिसांच्या हाती जाऊ नये, एवढी अट हवी, नाहीतर कोणी नाव सांगणार नाही. सुरुवात दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत व्हायला हवी. मळणी आटोपली की मुकादम गावात येतो.