मिताहार हवा, पण स्नायूंच्या मोलाने नव्हे

नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी लगबग सुरू होते. २०१४ पासून हा दाखला संगणकीय पद्धतीनेही देता येत असला, तरी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील अनेक ज्येष्ठांना आपल्या शाखेत प्रत्यक्ष जाणेच भावते. आपला क्रमांक आल्यावर खुर्चीतून उठताना त्यांतील काहींना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो. ‘आता खाणे अगदी कमी केले आहे’ असे समाधानाने सांगणारेही त्यांच्यातच असतात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मिताहाराची थोरवी निराधार नाही. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्येच दाखवून दिले की, पोषक द्रव्ये पुरेशी ठेवून केवळ उष्मांक घटवले तर उंदीर अधिक जगतात. विस्कॉन्सिन येथे १९८९ पासून माकडांवर झालेल्या दीर्घ प्रयोगात, सुमारे ३० टक्के कमी उष्मांक घेणाऱ्या माकडांमध्ये वयोमानाने होणारी स्नायूंची झीज लांबलेली आढळली. अमेरिकेतील ‘कॅलरी’ नावाच्या चाचणीत माणसांनी दोन वर्षे आहार घटवला. उद्दिष्ट होते २५ टक्क्यांचे, साधले सुमारे १२ टक्के. (पथ्याच्या बाबतीत माणूस सर्वत्र सारखाच!) त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. स्नायूंचे वस्तुमान थोडे घटले, पण ताकद घटली नाही; दाह निर्माण करणारी जनुके मंदावली आणि ऊर्जानिर्मितीची जनुके अधिक सक्रिय झाली.

तथापि, ही माणसे २१ ते ५० या वयोगटातील, निरोगी आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होती. सत्तरीतील गृहस्थाने त्यांचे अनुकरण करणे धोक्याचे आहे; भारतीयाने तर विशेषच.

याचे कारण पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हे डॉ. याज्ञिकांच्या संशोधनाने जगापुढे मांडले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर आपल्या खात्यातील मुद्दलच तुटपुंजे आहे. साठीनंतर त्यातून दरवर्षी काही ना काही वजा होतच असते, आणि स्नायूंच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. अशा वेळी आहारातील अविचारी काटकसर म्हणजे मुदतीपूर्वीच ठेव मोडण्यासारखे आहे.

शिवाय आपल्याकडे ‘कमी खाणे’ म्हणजे नेमके काय होते? रात्रीचे जेवण सुटते. त्याबरोबर वरणाची वाटी आणि दुधाचा पेला जातो. चहा-बिस्किटे मात्र टिकून राहतात. उपवासाच्या साबुदाण्यात उष्मांक भरपूर, प्रथिने नगण्य. त्यातच दिल्लीच्या हिवाळ्यात हवा इतकी दूषित होते की डॉक्टरच ज्येष्ठांना सकाळी फिरायला जाऊ नका म्हणून सांगतात. आहारही घटला आणि हालचालही थांबली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुढे वजन वाढलेच, तर परत येते ती मुख्यतः चरबी.

म्हणून काटछाट करायची ती साखर, तळण, मैदा आणि ताटातील जादा भात-पोळीत. साठ किलो वजनाच्या निरोगी ज्येष्ठास दिवसाला सुमारे साठ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. वाटीभर वरणातून सहा-सात, पेलाभर दुधातून सात-आठ आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. तेव्हा एका जेवणात ही बेरीज जमणे कठीण. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

आहाराइतकेच महत्त्व स्नायूंना भार देण्याचे. धुक्याच्या दिवसांत घरातही खुर्चीतून उठबस करता येते, भिंतीला हात टेकून जोर काढता येतात, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलता येतात. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार, हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास स्नायूंची तपासणी करून घेणे इष्ट. ही परीक्षा कुटुंबीयांनी जवळ उभे राहून घ्यावी. आणि कोणताही प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर त्याबद्दल अभिनंदन स्वीकारत न बसता डॉक्टरांची भेट घ्यावी.